एनेरोलिसाची गार खोली

१

एव्हारिस्तो म्हातारा नाश्त्याला खाली आला नाही, तेव्हा लॉजची मालकीण एनेरोलिसा स्वतः त्याचं ताट घेऊन वर गेली. कुस्करलेली केळी, वर सलामी सॉसेजचे तळलेले काप आणि दोन अंडी. मला दोन दिवसांत कॉफीसुद्धा धड कपात मिळाली नव्हती आणि ह्याला खोलीत ताट! मी मनातल्या मनात चरफडत होते, तेवढ्यात वरून किंकाळी आली आणि पाठोपाठ ताट फुटल्याचा आवाज.

मी जिना चढून गेले. कोपऱ्यातल्या खोलीत म्हातारा कुशीवर झोपल्यासारखा पडला होता. हाक मारली, हलवलं. अंग थंड पडलेलं. एनेरोलिसा दारातच तोंडावर पदर घेतल्यागत ॲप्रन दाबून उभी होती आणि तिच्या मागे कामवाली गेरलिन, हातात फडकं तसंच.

"अहो, बघत काय उभ्या राहिलात? चादर आणा," मी म्हटलं.

चादर ओढताना त्याचा हात माझ्या हातात आला. नखं गुलाबी होती. आदल्या दिवशी पिवळट, खोकून खोकून बेजार झालेला माणूस, आणि मेल्यावर ओठांवर, गालांवर असा रंग! मला ते खटकलं. का खटकलं ते मात्र त्या घडीला काही केल्या आठवेना.

मी लिब्रादा पेगेरो. माझा धंदा सांगितला की लोक हसतात. मी स्वस्त हॉटेलं निवडून देते. न्यूयॉर्कला राहणाऱ्या आमच्या गाववाल्यांचं एक मंडळ आहे. कुणाची आई आजारी, कुणाच्या घरी मयत, कुणाला नुसतीच घरची ओढ. असे सगळे इथे सांतो दोमिंगोला येतात आणि खिशाला परवडेल अशी खोली मागतात. मंडळ मला विचारतं. मी ज्या लॉजवर बोट ठेवते, त्या लॉजच्या खोल्या वर्षभर रिकाम्या राहत नाहीत. म्हणून मी कोण आहे हे कुणाला सांगत नाही. साध्या सपाता घालते, प्लास्टिकच्या पिशवीत कपडे घेते आणि गिऱ्हाईक म्हणून जाऊन राहते.

फोटो बघून हॉटेल निवडणारा माणूस आणि फोटो बघून नवरा निवडणारी बाई, दोघांची गत एकच. मी आधी गच्चीवर जाते. पाण्याची टाकी केवढी आहे, तिला झाकण आहे का, मोटर कधी लावतात. मग इन्व्हर्टर. बॅटऱ्या कधीच्या आणि लाइट गेल्यावर त्यांच्यावर काय काय चालतं. दिवे, पंखे आणि फ्रिज चालला की माझ्या हिशेबी हॉटेल पास. एसी इन्व्हर्टरवर चालत नाही, चालतो म्हणणारा मालक थापा मारतो. समुद्र दिसतो की नाही हे मी बघतच नाही. समुद्र फुकट आहे, रस्ता ओलांडला की दिसतो.

सार्जंट पोलांको यायला फार वेळ लागला नाही, चौकी गल्लीच्या टोकालाच आहे. त्यानं खोलीत डोकावून पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली.

"म्हातारा माणूस. उकाडा. हृदय बंद पडलं असणार," तो म्हणाला.

"हो ना!" एनेरोलिसा लगेच म्हणाली. "हृदयच ते."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. न्यूयॉर्कहून म्हाताऱ्याची मुलगी युदेल्का, बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. फोन कानाला लावायचीही गरज नव्हती, ती इतकी ओरडत होती. "मागच्याच महिन्यात बाबांचं हृदय तपासलंय! डॉक्टर म्हणाले घोड्यासारखं आहे! काय खायला घातलंत तुम्ही माझ्या बापाला? मी सोडणार नाही!"

एनेरोलिसानं फोन ठेवला. कपाळाचा घाम पुसला. मग हळूच मान वळवून तिनं गेरलिनकडे पाहिलं.

"सार्जंटसाहेब," ती म्हणाली, "झोपायच्या आधी ह्या पोरीनं त्यांना कसलासा चहा करून दिला होता."

२

गेरलिन उसाच्या मळ्यावरच्या वस्तीत जन्मलेली. तिचा आजा सरहद्दीपलीकडून, हैतीहून ऊस तोडायला आला तो इथलाच झाला. बापही इथेच जन्मला, इथेच मेला. तिची बोली माझ्यासारखीच, शिव्यासुद्धा आमच्याच. फक्त कागद नाही. त्या वस्तीतल्या अर्ध्या लोकांकडे नाही.

"गवती चहा होता तो," ती कशीबशी म्हणाली. "त्यांना खोकला होता, म्हणून."

"गवती चहा म्हणे! तुम्हा हैतीवाल्यांच्या जादूटोण्याच्या पुड्या आम्हाला ठाऊक नाहीत होय?" एनेरोलिसा म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो एनेरोलिसाबाई, तोच चहा मीही प्यायले. एकाच पातेल्यातला. मी उभी आहे ना तुमच्यासमोर?"

"तुम्ही गप्प बसा हो. तुमचं काय चाललंय मध्येच?"

पोलांको तसा वाईट माणूस नव्हता, आळशी होता. त्यानं सांगितलं की डॉक्टर दुपारी येऊन बघतील, तोवर कुणी लॉज सोडायचं नाही, आणि डॉक्टर आला की तो सगळ्यांचे जबाब घेईल. लाइट आली की खोलीतला एसी लावा, असंही सांगून गेला. आदल्या संध्याकाळी, अंधार पडायच्या आधीच, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर धडाड्कन उडाला होता. तेव्हापासून अख्ख्या गल्लीत वीज नव्हती.

तो गेल्यावर गेरलिननं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"बाई, तुम्ही माझ्यासाठी बोललात. पण पुन्हा बोलू नका."

"का गं? तू काही केलं नाहीस ना?"

"देवाशप्पथ नाही. पण मी केलं की नाही ते नंतरचं. जबाब म्हटला की तो आधी नाव विचारणार, मग ओळखपत्र. माझ्याकडे नाही. मग मला गाडीत घालतील आणि सरहद्दीपार सोडून देतील. बाई, मी तिकडे कधी पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही. तिकडची भाषा मला आजीनं शिकवलेल्या दोन गाण्यांपुरती येते."

"मग पळून जा मागच्या दारानं."

"पळाले तर मीच मारलं असं होईल की नाही? मग शोधून काढतील."

पोरीचं बरोबर होतं. जबाब सुरू व्हायच्या आत, तिचं नावही न घेता, म्हातारा कशानं मेला ते कुणीतरी पोलांकोसमोर मांडायला हवं होतं. माझ्याशिवाय तिथे दुसरं कोण होतं! टाक्या आणि बॅटऱ्या तपासणारी बाई, मी निघाले मरण तपासायला.

३

आधी गाठला किरिनो मास्तरला. निवृत्त शिक्षक, बायको गेल्यापासून ह्याच लॉजवर महिन्याच्या भाड्यानं राहतो. त्याची खोली म्हाताऱ्याच्या खोलीला लागून. तो अंगणात डोक्याला ओला पंचा गुंडाळून बसला होता.

"मास्तर, काय झालं?"

"डोकं फुटतंय, लिब्रादाबाई. पहाटे दोनदा ओकलो."

"रम जास्त झाली असेल."

"कसली जास्त! घोटभर घेतली असेल नसेल. उकडत होतं म्हणून बाहेर फुटपाथवर डॉमिनो खेळत बसलो सगळ्यांबरोबर. चांगला धडधाकट येऊन झोपलो, आणि उठलो तो असा."

"रात्री काही आवाज ऐकलात? वर किंवा मागच्या बाजूला?"

मास्तर हसला, हसताना डोकं धरलं. "आवाज? अहो, लाइट गेली की ह्या गल्लीत दुकानाचा जनरेटर, बँकेचा जनरेटर, सलूनवाल्याचा जनरेटर. त्यात कोण काय ऐकणार? एव्हारिस्तोबरोबर जेवताना बोललो तेवढंच. फार खुशीत होता हो. म्हणत होता, ही बाई मला जावयासारखं वागवते आहे, का ते मला कळत नाही."

ते मलाही कळलं नव्हतं. म्हातारा आला त्या दिवशीच त्यानं टाकी विचारली, मोटर विचारली, इन्व्हर्टर केवढा ते विचारलं. त्यात नवल ते काय? परदेशातून घरी आलेला आमचा प्रत्येक माणूस हेच विचारतो, आईला नमस्कार करायच्या आधी. पण एनेरोलिसा त्याला 'साहेब' म्हणायला लागली. दोनदा टॉवेल बदलले. पपईचा मुरंबा काय, स्वतः पाट्यावर वाटलेली मिरी काय. आणि मला कुठली खोली? गच्चीवर, टाकीच्या खाली, जिथे पंखा लाइट गेल्यावर तासाभरात कुरकुर करून बंद पडला. मी रात्रभर ओल्या चादरीवर तळमळत होते. डॉलरवाल्याची बडदास्त, दुसरं काय, असं म्हणून मी सोडून दिलं होतं.

मग विल्किन. एनेरोलिसाचा भाचा, रात्रीचा रखवालदार, दिवसा मोटरसायकलवरून माणसं सोडतो. दाराशी झोपाळ्यात पडला होता, पण डोळे टक्क उघडे.

"रात्री कुठे होतास रे?"

"इथेच, मावशी. हललोसुद्धा नाही."

"आणि हे हाताला काय?"

कोपरापासून मनगटाकडे लांब लाल पट्टा उठला होता, ताजा, फोड येऊ घातलेला. त्यानं चटकन हात मागे घेतला.

"केळी तळताना तेल उडालं."

उडालेल्या तेलाचे ठिपके पडतात, पट्टा पडत नाही. आणि ह्या विल्किननं जन्मात कधी केळं सोललं असेल की नाही, शंका आहे.

शेवटी एनेरोलिसा. ती मागच्या धुण्याच्या मोरीत होती. तीन बाजूंनी भिंती, वर पत्रा, आणि मोरीच्या बरोब्बर डोक्यावर, पत्र्याखालीच, एव्हारिस्तोच्या खोलीची झडपांची खिडकी. त्या झडपांपैकी एक तुटलेली, पुठ्ठा लावून ठेवलेली. एनेरोलिसा गुडघ्यांवर बसून फरशी घासत होती. क्लोरीनचा वास डोळ्यांत जात होता.

"तुम्ही घासताय? गेरलिन कुठे आहे?"

"तिच्या हातचं आता काही नको मला."

"बरं, रात्री इन्व्हर्टर चालू होता का हो?"

"रात्रभर!" ती मान वर न करता म्हणाली. "माझ्या लॉजमध्ये चोवीस तास लाइट असते. एव्हारिस्तोसाहेब पंख्याखाली सुखानं झोपले."

"माझा पंखा तर तासाभरात बंद पडला."

"तुमच्या खोलीची वायर जुनी आहे."

तोंडावर खोटं बोलत होती आणि तिलाही ठाऊक होतं की मला ते कळलंय. पण पंख्याबद्दल कुणी खोटं का बोलेल? माणूस मेलाय वर, आणि ही पंख्याची काळजी करते आहे.

त्याच क्षणी गल्लीच्या त्या टोकाकडून आरडाओरडा सुरू झाला. "आली! लाइट आली!" पोरं, बायका, दुकानदार, सगळे एका सुरात. टाळ्या वाजल्या, कुणाचा तरी रेडिओ मोठ्यानं सुरू झाला. आणि आमच्या डोक्यावर, मेलेल्या माणसाच्या खोलीत, एसी घरघरला.

४

एसी कुणी लावला हे मी विचारायला गेले तेव्हा मास्तरनं सांगितलं की बटण चालूच होतं, लाइट आल्याबरोबर आपोआप सुरू झाला. मी खाली आले. एनेरोलिसा मोरीतून निघून गेली होती.

भिंतीवरून एसीची नळी खाली आली होती आणि तिचं टोक एका प्लास्टिकच्या कॅनच्या, आम्ही त्याला गॅलन म्हणतो, झाकणाला भोक पाडून आत घातलेलं होतं. आमच्याकडे हे बऱ्याच घरांत दिसेल. एसीचं पाणी कुणी फेकत नाही. बॅटऱ्यांना साधं नळाचं पाणी चालत नाही आणि बाटलीतलं विकत घ्यायला महाग पडतं, म्हणून हे साठवून बॅटरीत घालतात. नळीतून पाणी ठिबकायला लागलं होतं. टप. टप. रिकाम्या गॅलनच्या तळाशी.

मी बघत राहिले. आणि मला सकाळचं आठवलं.

सकाळी, एनेरोलिसानं किंकाळी फोडायच्या आधी, मी कॉफीची वाट बघत बसले होते तेव्हा गेरलिन माझ्यासमोरून हाच गॅलन दोन्ही हातांनी उचलून बॅटऱ्यांकडे घेऊन गेली होती. गळ्यापर्यंत भरलेला. वाटेत सांडला म्हणून मी तिला "अगं, पाय घसरेल कुणाचा" असं म्हटलंही होतं.

मी तिला शोधून काढलं. "गेरलिन, हा गॅलन तू त्याआधी कधी रिकामा केला होतास?"

"काल संध्याकाळी. ट्रान्सफॉर्मर उडाला आणि बॅटऱ्या लगेच ओरडायला लागल्या, म्हणून होतं नव्हतं ते सगळं पाणी त्यांना पाजलं. पण त्या मेल्याच आहेत बाई, किती पाजा, उठत नाहीत."

"आणि सकाळी भरलेला मिळाला."

"हो. मलाही नवल वाटलं. मग ते सगळं झालं आणि विसरले."

गल्लीत वीज नव्हती. बॅटऱ्या मेलेल्या. पाऊस नाही, आणि आला असता तरी वर पत्रा. मग रात्रभर एसी चालला कशावर?

आणि मग मला ती गुलाबी नखं आठवली. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत एक अख्खं कुटुंब असंच गेलं होतं. नवरा, बायको आणि लेकरू, तिघंही तजेलदार, जणू आत्ता उठतील. त्यांना मी आंघोळ घातली होती. घरात इंजिनाचा धूर कोंडला होता; त्यातल्या विषारी वायूला वास नसतो आणि त्यानं मेलेला माणूस असा गुलाबी दिसतो.

५

पोलांको डॉक्टरला घेऊन आला तेव्हा मी सगळ्यांना अंगणात बसवलेलं होतं. एनेरोलिसा, विल्किन, मास्तर. गेरलिनला मी स्वयंपाकघरात ठेवलं आणि बाहेर येऊ नकोस म्हणून बजावलं.

"सार्जंटसाहेब, जबाब नंतर. आधी माझं ऐका," मी म्हटलं. "ट्रान्सफॉर्मर उडाल्यापासून आत्ता लोक ओरडले तोपर्यंत गल्लीत वीज नव्हती. बरोबर?"

"बरोबर. चौकीतही नव्हती, उकडून मेलो."

"ह्या बाई म्हणतात, एव्हारिस्तो इन्व्हर्टरवरच्या पंख्याखाली झोपले. पण त्यांच्या एसीच्या नळीखालचा गॅलन काल संध्याकाळी रिकामा होता आणि आज सकाळी लाइट यायच्या आधी मी तो माझ्या डोळ्यांनी काठोकाठ भरलेला पाहिला. एसी रात्रभर चालला. इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे इथे जनरेटर होता."

"माझ्याकडे जनरेटर नाहीच!" एनेरोलिसा ओरडली. "झडती घ्या!"

"आता नाहीच. पहाटे परत गेला. रात्री तो मागच्या मोरीत होता, म्हाताऱ्याच्या तुटक्या झडपेच्या बरोब्बर खाली. तीन भिंती आणि वर पत्रा, धूर कोंडला आणि झडपेतून आत शिरत राहिला. मास्तरची खोली लागून, म्हणून त्यांचं डोकं फुटतंय आणि ओकाऱ्या होतायत. घोटभर रमनं हे होत नाही. फरशीवर जनरेटरचं तेल सांडलं असणार, ते ह्या बाईंनी स्वतः बसून क्लोरीननं घासलं. डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हाताऱ्याची नखं बघा आणि मग मला खोटं ठरवा."

डॉक्टर वर गेला. तो खाली आला तेव्हा त्यानं पोलांकोकडे पाहून फक्त मान हलवली, होकारार्थी.

मी विल्किनचा हात धरला आणि बाही वर केली. "तेल उडालं म्हणालास ना? हा धुराच्या नळीचा चटका आहे, तापलेली मशीन उचलताना बसलेला. बोल आता."

विल्किन तिथेच ढसाढसा रडायला लागला. "मला काय ठाऊक होतं असं होईल! दुकानवाल्याच्या मेव्हण्याकडून रातोरात मागून आणला. मी म्हटलं होतं, पुढच्या फुटपाथवर ठेवू. आत्या म्हणाली, तिथे लोकांना दिसेल, उसना आणलेला कळेल. मागेच ठेव."

"गप, मेल्या!" एनेरोलिसानं त्याच्या तोंडात ठेवून दिली.

"पण का?" पोलांकोनं विचारलं. "एका म्हाताऱ्याला एसी हवा म्हणून एवढा खटाटोप?"

तेव्हा एनेरोलिसा बोलली, माझ्याकडे बघून नाही, जमिनीकडे बघून. "मंडळाच्या अध्यक्षाची मेव्हणी इथेच राहते. तिनं सांगितलं, ह्या आठवड्यात मंडळाचं माणूस येऊन राहणार, हॉटेल निवडायला, गुपचूप. माझ्या बॅटऱ्या मेल्यात. नव्या घ्यायला पैसा आणू कुठून? खोल्या रिकाम्या, बँकेचा माणूस दाराशी. हे साहेब आले, नवे बूट, न्यूयॉर्कचं बोलणं. आल्या आल्या टाकी विचारली, इन्व्हर्टर विचारला. मी म्हटलं, हेच ते. एक रात्र लाइट जाऊन ह्यांना उकडलं तर संपलं माझं."

"ते नव्हते," मी म्हटलं. "मी होते."

तिनं मान वर केली. माझ्या सपाता पाहिल्या, खुर्चीला अडकवलेली प्लास्टिकची पिशवी पाहिली.

"तुम्ही?" ती म्हणाली. "अहो, मग माणसासारख्या कपड्यांत यायला काय झालं होतं?"

तो गार वारा माझ्यासाठी होता. मी वर घामात तळमळत हिला शिव्या घालत होते आणि खाली म्हातारा माझ्या वाटणीच्या थंडाव्यात मेला होता.

६

इथे सगळं संपायला हवं होतं. पोलांकोनं विल्किनला उठवलं, एनेरोलिसाला म्हणाला, "तुम्हीही चला." आणि ती उठली. दारापर्यंत गेली. मग वळली.

"तो गॅलन कुणी संध्याकाळी रिकामा केला, ते नाही विचारलंत, सार्जंट? तिला विचारा की. स्वयंपाकघरात लपवून ठेवली आहे. आणि विचारताना तिचं ओळखपत्रही मागा. मला बुडवताय ना? मग सगळेच बुडू."

"एनेरोलिसाबाई, लाज वाटू द्या!" मास्तर ओरडला.

मी पोलांकोच्या आडवी झाले. "साहेब, गॅलन मी पाहिला. माझी साक्ष पुरे आहे. तिचा ह्यात काही संबंध नाही, तुम्हीच ऐकलंत."

"तिच्यावरचा आळ गेला, लिब्रादाबाई. खरंच गेला," पोलांको म्हणाला. त्यालाही ते जड जात होतं, तोंड दिसतच होतं. "पण सगळ्यांसमोर बोललं गेलंय. डॉक्टर आहेत, ही आहे. मी आता ऐकलंच नाही असं कसं म्हणू? उद्या ही कोर्टात सांगेल, सार्जंटनं डोळेझाक केली म्हणून."

गेरलिन स्वतःच बाहेर आली. ॲप्रन सोडून घडी करून खुर्चीवर ठेवला.

"नाही माझ्याकडे," ती म्हणाली. त्यानं विचारायच्या आधीच.

तिला नेताना मी चौकीपर्यंत गेले, तिथून ज्या आवारात सरहद्दीपार सोडणाऱ्या गाड्या उभ्या राहतात तिथपर्यंत. मी भांडले, हातापाया पडले, एका साहेबाला शिव्याही दिल्या. सगळे सभ्यपणे बोलत होते. आजाची नोंद आणा, बापाची आणा, मळ्याच्या कंपनीचं पत्र आणा. मळा कधीच बंद पडलाय, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मध्येच मंडळाच्या अध्यक्षाचा फोन आला. त्याला सगळं कळलं होतं, मेव्हणीकडून. "फार वाईट झालं हो. पण मग आता दुसरं कुठलं बघितलंत? लोक तिकिटं काढायला खोळंबलेत." मी फोन बंद केला.

गाडीच्या खिडकीला जाळी होती. आत बरीच माणसं दाटीनं बसलेली, एक बाई लेकराला पाजत होती. मी गेरलिनच्या वस्तीवर जाऊन तिचे कपडे आणले होते, ते जाळीतून जाईनात, म्हणून दारातल्या शिपायाच्या हाती दिले. गेरलिन खिडकीशी सरकली. रडत नव्हती. मीच रडत होते, म्हणून तिनं मला आधी डोळे पुसायला सांगितलं.

"बाई, तुम्ही माझ्यासाठी केलंत. मी विसरणार नाही."

"माझ्यामुळेच झालं गं."

"तसं नका म्हणू. त्या बाईनं काढलं माझं नाव." मग ती जरा थांबली, मागे कुणी ऐकतंय का बघून आवाज खाली आणला. "एक विचारू? तुम्हाला हॉटेलांचं सगळं कळतं म्हणे. आम्हाला सरहद्दीपलीकडे उतरवतील, तिथे माझं कुणी नाही. एखादी खोली सांगता का, स्वस्तातली? पाणी, लाइट काही नसलं तरी चालेल. बाईमाणसाला आतून कडी लावता येईल एवढंच."

ह्या शहरातल्या कुठल्या लॉजची टाकी फुटकी आहे, कुठल्या गादीत ढेकूण आहेत आणि कुठला मालक नाश्त्यात कालचा पाव खपवतो, हे मला झोपेतून उठवून विचारा. पलीकडच्या त्या गावाचं मला नावसुद्धा धड माहीत नव्हतं.

"विचारून सांगते," मी म्हटलं.

"हो बाई, विचारा," ती म्हणाली, आणि गाडी सुटेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहिली.